हलका धक्का

आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे कॉलनीतल्या, झाडून साऱ्या बायकांना बोलावून, हळद-कुंकू लावून, नारळ फोडून मी माझ्या स्कूटीला कायमचा निरोप दिला, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मूर्खपणाची गोष्ट. तशा मूर्खपणाच्या गोष्टी मी पुष्कळ केल्या, पण बाकीच्या निदान घराच्या आत केल्या.

स्कूटी धडधाकट होती. एका हाकेत सुरू व्हायची. तरी मी तिला ओवाळलं, लेक सासरी पाठवावी तसे डोळे टिपले आणि आजपासून पृथ्वीवरचा भार थोडा हलका करते आहे, असं छोटंसं भाषणही केलं. स्कूटी माझ्या भाच्याने नेली. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यावर आणखी दोन मित्र बसवून फुटाळा तलावावर चकरा मारायला लागला. पृथ्वीने काय मानलं ते पृथ्वीला ठाऊक. आणि मी भाजी आणायला शेजारणीच्या स्कूटीवर मागे बसून गेले, पिशवी मांडीवर घेऊन, तोंडाला दुपट्टा बांधून. दुपट्टा उन्हासाठी आहे असं मी सांगत होते.

तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते. म्हणजे अगदी कोवळं वय. आज एकोणसत्तरीत बसून त्या पोरीकडे पाहिलं की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. कुणी जाड चष्मा लावून, हळू आवाजात, वाक्याच्या मध्येच थांबून बोललं की ती विरघळायची. आणि तिला विरघळवायला आमच्याच वरच्या मजल्यावर टेंभेकर साहेब भाड्याने राहायला आले होते.

टेंभेकर साहेब मूळ नागपूरचेच. पण मध्ये पुष्कळ वर्षं बाहेर राहून, पुष्कळ शिकून आलेले. त्यामुळे नागपूरला आल्यावर ते नागपूरकडे असं पाहायचे, जसा डॉक्टर जिभेकडे पाहतो. शहराच्या प्रवासाच्या सवयी बदलायला एक सरकारी कक्ष निघाला होता, त्याचे हे सल्लागार. लोकांनी आपापल्या गाड्या घरी ठेवाव्या, मेट्रोने जावं, बसने जावं, जवळ असेल तर पायी जावं, आणि हे सगळं कुणी न सांगता, आपल्याच मनाने करावं, अशी त्यांची विद्या होती. विद्या वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. आमच्या लेआउटमध्ये माणसं दुधाच्या पिशवीला गाडीने जायची, आणि दूधवाला कोपऱ्यावर होता.

ते रोज सकाळी खाली चहाला यायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला दीक्षा दिली.

"ताई, माणसाला सांगितलं की तो ऐकत नाही. म्हणून सांगायचं नाही. हलका धक्का द्यायचा. चालतोय तो आपल्यामुळे, पण त्याला वाटलं पाहिजे, मीच चालतोय."

आमचे हे पेपरमागून म्हणाले, "म्हणजे जनावराले कसं हाकलते, तसं." मी यांच्याकडे असे डोळे वटारले की त्यांनी पेपर आणखी वर धरला. साहेबांना राग आला नाही. त्यांना राग कधीच यायचा नाही. समोरचा चिडला की ते मान हलवून म्हणायचे, "हा विरोध अपेक्षित होता." त्यांच्याशी भांडण म्हणजे उशीवर बुक्क्या मारणं.

हलका धक्का ते घरातही देत. कपबशी विसळून ठेवायची त्यांना चांगली सवय होती, म्हणून स्वयंपाकघरात त्यांना मज्जाव नव्हता. थोड्याच दिवसांत माझा साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर गेला. मला वाटलं, मीच ठेवला असेन, वय झालं. खरं म्हणजे माझी साखर कमी व्हावी म्हणून त्यांनी तो चढवला होता. मी स्टूल घेऊन चढायचे, डबा काढायचे, आणि एवढी मेहनत झाली म्हणून चहात एक चमचा जास्त घालायचे. महिन्याच्या शेवटी त्यांनी मला विचारलं की काही फरक जाणवतो का. मी म्हटलं, गुडघा दुखतो. ते म्हणाले, "छान. म्हणजे शरीर हलतंय."

स्वतः ते कसे जायचे, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. त्यांना न्यायला कक्षाची पांढरी गाडी यायची. पण ती आमच्या दारात येत नसे, लेआउटच्या फाटकाबाहेर थांबे. तेवढं अंतर साहेब पायी चालत. हातात पाण्याची बाटली, डोक्यावर टोपी, जणू बद्रीनारायणाला निघाले आहेत. फाटकाबाहेर गाडीत बसले की काच वर, थंड हवा चालू. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं. एकदा चहा पिता पिता ते बोलत होते आणि डावा हात नुसताच मागेपुढे हलवत होते. मला वाटलं, हातात गोळा आला असेल, तेल चोळू का विचारलं. ते म्हणाले, नको, आजचा आकडा थोडा मागे आहे.

हे सगळं डोळ्यांनी बघूनही मी त्यांची पहिली शिष्या झाले. त्यांनी मला संयोजिका केलं. हिरवी टोपी दिली, गळ्यात लटकवायला माझा फोटो असलेलं कार्ड दिलं. सदतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण गळ्यात फोटो कुणी घातला नव्हता. मी ते कार्ड घालून देवळातही जायचे.

त्यांचा पहिला मोठा धक्का म्हणजे हिरवी पावलं. लेआउटच्या आतून फाटकापर्यंत आणि तिथून मेट्रोच्या स्टेशनाच्या दिशेने रस्त्यावर हिरव्या रंगाची पावलं उमटवायची. माणूस पावलं बघतो, नकळत त्यांच्यामागे जातो, असं ते म्हणाले. रंगाऱ्याने पत्र्यात एकच पाऊल कापून आणलं होतं, डावं. त्याने रात्रीतून सगळी वाट रंगवली. सकाळी उठून पाहिलं तर एका पायाचा कोणी हिरवा मनुष्य उड्या मारत स्टेशनाकडे गेलेला. लेआउटच्या पोरांनी सुट्टीभर त्यावर लंगडी घातली. मोठं कुणी त्यावरून गेलं नाही.

पण खरी अडचण पुढेच होती. दिवाळी तोंडावर आली होती, आणि आमच्याकडे लक्ष्मीची पावलं दारातून आत येणारी काढतात. ही हिरवी पावलं घरांसमोरून निघून फाटकाबाहेर जात होती. समोरच्या घरच्या बाईंनी मला रस्त्यातच धरलं. त्यांच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान आहे, त्यांना हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या म्हणाल्या, "काहून वं, साऱ्या लेआउटची लक्ष्मी बाहेर काढून राहिली का तू? अन् तेही एका पायानं?"

मी त्यांना सवयींचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साऱ्या बायकांनी मिळून प्रत्येक हिरव्या पावलाशेजारी पांढऱ्या रांगोळीने दोन-दोन पावलं काढली, आत येणारी. हिरवं एक बाहेर, पांढरी दोन आत. मी शरमून साहेबांना बोलावून आणलं. वाटलं, आता तरी यांचा चेहरा पडेल. त्यांनी मोबाइल काढला, वाकून, बसून, जिन्यावर चढून फोटो घेतले. पुढच्या सभेत ते फोटो पडद्यावर आले आणि खाली लिहिलं होतं, लोकसहभाग.

तिथेच मला कळायला हवं होतं. या माणसाला हरवताच येत नव्हतं. त्यांचं केलेलं लोकांनी मानलं तर यश, नाही मानलं तर अपेक्षित विरोध, आणि पुसून उलटं केलं तर लोकसहभाग. ते लबाड असते तर सोपं झालं असतं. पण त्यांनी कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणाला शब्दाने दुखवलं नाही. त्यांना फक्त माणूस दिसत नसे. रस्त्यावर बाई चालताना दिसली की त्यांना आलेखातली एक फेरी दिसायची.

मी मात्र हिरव्या टोपीत खूश होते. गाड्यांवर रडक्या चेहऱ्याची चिठ्ठी चिकटवायची मोहीमही मीच केली. ज्याची गाडी दारात उभी, त्याच्या गाडीवर रडका चेहरा. सकाळी दवाखान्यात निघालेल्या एका आजोबांना वाटलं, गाडी जप्त झाली. ते नातवाला फोन करून रडायलाच लागले. साहेब म्हणाले, भावनिक परिणाम होतोय.

आता सुमनबद्दल सांगते, म्हणजे मी या माणसाला इतकी वर्षं काहून धरून बसले आहे ते कळेल.

सुमन माझी धाकटी जाऊ. माहेर उमरेडचं, विणकरांच्या घरातलं. माग केव्हाच गेले, पण कापड बोटांनी ओळखायची ताकद तिच्यात राहिली. डोळे मिटून पदराचं टोक चोळेल आणि सांगेल, यात किती रेशीम आणि किती सोंग. धाकटे दीर गेल्यावर तिने गांधीबागेच्या कापडबाजारातल्या एका साड्यांच्या दुकानाचं काम धरलं. फॉल, पिको, गोंडे, मोती, टिकल्या. झालेल्या साड्यांचं गाठोडं घेऊन सकाळच्या शहर बसने जायची, दुकानाच्या माळ्यावर चार बायकांबरोबर दुपारपर्यंत बसायची, तातडीचं काम तिथेच उरकायची आणि नवीन गाठोडं घेऊन परतायची. बस आमच्या लेआउटच्या कोपऱ्यावरून थेट बाजारात. गाठोडं ड्रायव्हरच्या मागच्या जागेत ठेवायचं, हे ठरलेलं. तिला यायला जरा उशीर झाला तरी कंडक्टर बस दोन क्षण थांबवायचा.

तिचं घर आमच्या मागच्या गल्लीत, मुलगा-सुनेबरोबर. मुलगा प्रवीण मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. वाईट नाही, पण आई काम करते याची त्याला लाज. दर दोन दिवसांनी म्हणायचा, आई, आता घरी बस, काय कमी आहे तुला. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. एकदा मीच तिला विचारलं की खरंच, कायले एवढी दगदग करते. ती म्हणाली, "मोठ्याबाई, घरी मी आई आहे, आजी आहे, सासू आहे. तिथं सारे मले सुमनबाई म्हणते. दिवसातून एकदा तं आपलं नाव कानावर पडलं पायजे ना."

साहेबांनी ती बस काढायची शिफारस केली. कारण ती मेट्रोच्या बाजूबाजूने धावत होती. त्यांचं म्हणणं, बस आहे तोवर लोक मेट्रोकडे वळणार नाहीत. सवय मोडली की माणूस नवीन सवय शोधतो. मोडण्याचं काम फक्त आपण करायचं. सभेत त्यांनी विचारलं, संयोजिकांचं काय मत? मी म्हटलं, अगदी बरोबर. मला त्या क्षणी सुमनची बस आठवलीच नाही. मी स्वतः बसने जात नव्हते. माझ्या डोक्यात बस म्हणजे एक चित्र होतं, हिरव्या पत्रकावरचं.

बस बंद झाली. सुमन रडत बसणारी नव्हती. तिने मेट्रोने जाऊन पाहिलं. मेट्रो तिला आवडली, उगीच खोटं का सांगू. थंड, स्वच्छ, कुणी धक्का मारत नाही. पण घरापासून स्टेशनापर्यंत गाठोडं डोक्यावर घेऊन उन्हात जायचं, जिथे उतरायचं तिथून बाजाराच्या गर्दीतून पुन्हा तसंच चालायचं. तिसऱ्या दिवशी ती वाटेत पाणपोईशी बसली ती उठेचना. मग ऑटो करून पाहिला. ऑटोवाल्यांनी गाठोड्याची वेगळी सवारी धरली. कमाई ऑटोतच जायला लागली. प्रवीणला हवं तेच झालं. तो म्हणाला, देवानेच सुचवलं समज. तिने दुकानाच्या सेठला निरोप धाडला की काही दिवस येणार नाही. आणि मला म्हणाली की तुमचे साहेब वरच तर राहतात, एक शब्द टाका, सकाळची एक बस तेवढी ठेवा म्हणावं. सेठ पंधरवडाभर थांबेल, मग दुसरी बाई बघेल.

मी टोपी काढून वर गेले. साहेब कॉम्प्युटरसमोर बसले होते, डावा हात हलत होता. मी सगळं सांगितलं. गाठोडं, ऊन, पाणपोई, प्रवीण, सेठ. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. ऐकायचं कसं ते त्यांना फार छान येत होतं. मग म्हणाले, "ताई, तुमच्या जाऊबाईंची ती सवय आहे, गरज नाही. दोन्हींत फरक आहे. मुलगा सांभाळतोय ना?"

मी म्हटलं, सांभाळतो म्हणून काय झालं.

"मग सुटेल हळूहळू. पहिले काही दिवस त्रास होतो."

दारुड्याबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. मी खाली आले आणि सात वर्षं झाली, ते वाक्य अजून माझ्या घशात आहे.

पण माझ्या अंगात अजून संयोजिका शिल्लक होती. कक्षाचा मोठा कार्यक्रम ठरला होता. मोठे अधिकारी येणार, पाहुणे येणार, संयोजिकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि दोन शब्द बोलायची संधी. मला वाटलं, हीच जागा. सर्वांसमोर सांगते. सुमनला म्हटलं, तूही चल वं, तुझ्या समोरच बोलते. सेठचा पंधरवडा संपत आला होता. ती चांगली साडी नेसून आली. तिनेच गोंडे लावलेली होती.

आधी साहेब बोलले. दिवे मंद, पडदा मोठा. पावलांचे फोटो आले, रडके चेहरे आले. मग एक उतरता आलेख आला आणि ते म्हणाले की सगळ्यात आनंदाची गोष्ट ही, की त्या भागातल्या अनावश्यक फेऱ्या कमी झाल्या आहेत. लोक कमी हिंडू लागले आहेत. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. मला त्यातलं काही लक्षात आलं नाही. मी मनात माझं भाषण घोकत होते.

माझं नाव पुकारलं. शाल अंगावर, नारळ हातात, मी माइकपाशी गेले.  मी म्हटलं, माझी जाऊ सुमन रोज सकाळी बसने गांधीबागेत जायची. बस बंद झाली. आता ती जात नाही. ती घरी बसून आहे.

इथे थांबून मी श्वास घेतला, कारण यापुढे मागणी होती. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. मला वाटलं, ऐकू नीट गेलं नाही. मी आवाज चढवून पुन्हा म्हटलं, ती कुठेच जात नाही, आठ-आठ दिवस फाटकाबाहेर पडत नाही. टाळ्या आणखी वाढल्या. पहिल्या रांगेतले एक अधिकारी तर उठून उभे राहिले. साहेब लगबगीने माइकशी आले. पहिल्यांदाच मी त्यांना घाईत पाहिलं. त्यांनी माइक माझ्याकडून इतक्या अलगद घेतला की माझा हात रिकामा झाला ते मला नंतर कळलं.

"सगळ्यात स्वच्छ फेरी म्हणजे जी झालीच नाही ती," ते म्हणाले. "सुमनताईंनी ते करून दाखवलं आहे. त्या आल्या असतील तर त्यांनी वर यावं."

ती वर आली. काय करणार, सगळ्या माना तिच्याकडे वळलेल्या. तिला एका कुंडीत तुळशीचं रोप दिलं. फोटो निघाला. फोटोत ती मधे, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मी, नारळ धरून, तोंड उघडं. माझी मागणी तशीच तोंडात राहिली. संयोजिकेचं दुसरं भाषण होत नसतं. पुढच्या बाईचं नाव पुकारलं गेलं.

ते साहेबांचं मी घेतलेलं शेवटचं नीट दर्शन. महिन्याभरात त्यांना दुसऱ्या मोठ्या शहराने बोलावून घेतलं, ते निघाले त्या सकाळी मी मुद्दाम मुलीकडे गेले होते. पण त्या संध्याकाळचे ते मला लख्ख दिसतात. सभागृहाच्या पायऱ्यांवर लोक त्यांच्याभोवती, ते सर्वांना मान लववून नमस्कार करताहेत. पांढरी गाडी पायऱ्यांना लागूनच आली, या वेळी फाटकाबाहेर थांबली नाही. बसता बसता त्यांना आम्ही दोघी दिसलो. त्यांनी काच खाली केली. चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. सुमनकडे पाहून ते म्हणाले की तुम्ही आमचं मोठं काम केलंत. मग काच वर गेली आणि आतला हात पावलं वाढवत हलताना दिसला.

आम्ही रस्त्यावर ऑटोची वाट बघत उभ्या राहिलो. मला तिच्याकडे पाहवत नव्हतं. मी काही तरी पुटपुटले, की मी उद्या पुन्हा जाते, अर्ज करते, कुणाला तरी भेटते. सुमनने कुंडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, माझ्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "टाळ्या लय वाजल्या जी, मोठ्याबाई. आता उद्या सकाळी मी जाऊ कुठं, तेवढं त्यायले विचारून या."